तुमच्या मापाची फरशी

अक्षय्य तृतीया झाली; आखाजीची तुमची घागर भरून तुमचे थोरले बंधू आबा परवा शिरपूरच्या गाडीत बसले. सुमनलाही मी काल फैजपूरला पाठवून दिलं; तिची सासू तरी किती दिवस एकटीने रेटणार. घरात आता मी एकटी आहे आणि तुमच्याशी भांडायला मोकळी आहे.

महिनाभर हे भांडण मी तोंडात धरून बसले होते. भेटायला येणारा जो तो सांगत होता, ओव्हरसियरसाहेबांसारखा सरळ माणूस पुन्हा होणे नाही. मी पदर तोंडाशी धरून मान हलवत होते. त्यांना वाटायचं, बाई रडते आहे. रडत नव्हते असं नाही. पण पुष्कळदा मी नुसते दात आवळून बसले होते, कारण तुमचं गुणगान करणाऱ्या प्रत्येकाची नजर फिरून फिरून खाली जायची, पुढच्या खोलीतल्या त्या कापलेल्या चौकोनाकडे, आणि मग माझ्याकडे. विचारायला मात्र कोणी धजावलं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं, हिची पुन्हा तीच फरशी. हो, पुन्हा तीच फरशी. आपल्यात दुसरं कुठलं भांडण एवढं टिकलं? जाताना तुम्ही दोन शब्द बोललात तेही जमिनीविषयीच. माझ्यासाठी एक शब्द काढला नाहीत. तो राग गिळून मी तेरावा केला, आखाजी केली, सगळ्यांना वाढलं. आता गिळायचं नाही.

तुमच्या बदल्यांच्या नोकरीत मी किती गावच्या जमिनी सारवल्या ते तुम्हाला कळलंच नाही. मी सारवायला बसायची तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कामावर असायचात. शिरपूरची मातीची खोली, धुळ्याची पोपडे आलेली, पारोळ्याची तर उंदरांनी पोखरलेली. शेण कालवायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मागे मागे सरकत यायचं. संध्याकाळी तुम्ही यायचात, बाहेर बूट काढायचात, खोलीभर नजर फिरवायचात आणि म्हणायचात, "कडेला रेघ धरली नाहीस." झालं तुमचं कौतुक.

रेघ धरणं हा तुमचा धर्म. मी वड्या कापायला सुरी घेतली की मागून आवाज आलाच, "रेघ धरून." सुमनच्या भांगाला, दोरीवरच्या धोतराला, उन्हात घातलेल्या पापडांनाही तुमची रेघ लागायची. आणि दुसऱ्याच्या घरी गेलात की दुसरीच तऱ्हा. यजमान पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही खाली वाकून बोटाच्या पेराने जमीन ठोकून पाहत असायचात. टक टक टक. "पोकळ वाजते," एवढं म्हणून मग पाण्याचा पेला घ्यायचात. बारशाला गेलेल्या घरीही तुम्ही हे केलंत. बाळंतीण पाहत राहिली, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं, मग ती पोकळ असो की भरीव.

सुमनच्या लग्नाच्या बोलणीसाठी आपण फैजपूरला गेलो तो वैशाख आठवतो? मध्यस्थ होते ते केळीचे व्यापारी, मारवाडी घर. बसमधून उतरून त्यांच्या दारापर्यंत जाताना चपलेतून चटके लागत होते. आत गेलो तर जमिनीला पांढरी चिनी मातीची फरशी आणि कडेने निळा पट्टा. शेठाणी म्हणाली, "चप्पल काढा भाभी, पाय टेका, मंग बघा." मी पाय टेकले. अहो, तळव्यांतून जो गारवा चढला तो मानेपर्यंत आला. मी तशीच खाली बसले, हात टेकले, मनगटं टेकली. पोरीची बोलणी चालली होती आणि मी मनातल्या मनात त्या फरशीवर आडवी झाले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला एखादी गोष्ट हवीहवीशी वाटली ती अशी पहिल्यांदा. तुम्ही काय केलंत? ठोकून पाहिलीत. "कोपऱ्यात पोकळ आहे."

पुढे जळगावात घर बांधायला घेतलंत. नकाशा तुमचा, खिडक्या कुठे ते तुम्ही ठरवलंत, मोरी कुठे, देव कुठे, माझी चूल कुठे तेही तुम्हीच. मी एका शब्दाने विचारलं नाही. मी फक्त जमीन मागितली. भिंती तुमच्या राहू द्या, छत तुमचं राहू द्या, पायाखाली मात्र मला माझ्या मनाचं हवं होतं.

म्हणून आपण धुळ्याच्या त्या फरशीवाल्या शेठच्या दुकानात गेलो. आखाजीला मी माहेरी धुळ्याला जाणारच होते, म्हटलं जाता जाता ठरवून टाकू. शेठने एकीकडे चिनी फरश्यांची पेटी उघडली आणि दुसरीकडे एक हिरवी गुंडाळी जमिनीवर सोडून दिली. "साहेब, हे नवीन आलंय. विनाईल. मुंबईला सगळ्या हापिसात हेच टाकतात." तुम्ही त्या गुंडाळीवर असे उकिडवे बसलात, की मी समजायला हवं होतं. अंगठ्याने दाबून पाहिलंत, दुमडून पाहिलंत, वास घेऊन पाहिलात. मी चप्पल काढून फरशीच्या तुकड्यावर एक पाय ठेवून उभी राहिले, बगळ्यासारखी. शेठ हसला.

"भाभीसाब, तुमी सांगा. कुनतं?"

"हे," मी म्हणाले. "आणि कडेला निळा पट्टा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, गुंडाळीकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "ठीक आहे. तुझी फरशी. ठरलं." शेठसमोर म्हणालात. मी त्या दिवशी भावाच्या घरी गेले ती जवळजवळ पळतच. झोक्यावर बसले, वहिनीला फरशीचा रंग सांगितला, पट्ट्याची रुंदी बोटांनी दाखवली. वहिनी म्हणाली, "वन्सं, नवरा मिळाला तेव्हा तरी इतक्या हसल्या होत्या का?" खरं सांगायचं तर नव्हते.

आखाजी करून जळगावला आले. तुम्ही फाटकातच उभे. "डोळे मीट," म्हणालात. माझा हात धरलात, भर दिवसा, शेजाऱ्यांच्या देखत, आणि उंबऱ्यातून आत नेलंत. "चप्पल काढ. टेकव पाय." मी पाय टेकवला आणि तो मऊ लागला. कोमट आणि मऊ. डोळे उघडायच्या आधीच कळलं. खोलीभर हिरवं, त्यावर पांढरे ठिपके, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सांधा नाही. आणि तुम्ही हसत होतात.

"हे काय?"

"विनाईल. तुझ्या गुडघ्यांसाठी घेतलं. ती चिनी फरशी गुडघ्यांची वाट लावते. ओली झाली की घसरते, वरून काही पडलं की फुटतं. यावर बस, नाच, पड, काही होत नाही."

"तुम्ही ठरलं म्हणाला होतात."

"मग नंतर विचार केला."

विचार केला म्हणे. कोणाशी केला? गुडघे माझे, आणि विचार तुम्ही माझ्या पाठीमागे शेठशी केलात. मला वाईट त्या हिरव्या रंगाचं वाटलं नाही, की तुम्ही शब्द फिरवलात त्याचंही तेवढं नाही. तुम्ही माझ्या भल्याचं केलंत आणि मला विचारलं नाहीत, म्हणून मला धड ओरडताही येईना. कोणाला सांगणार होते? नवऱ्याने गुडघ्यांची काळजी घेतली म्हणून रडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? त्यानंतर कित्येक दिवस मी तुमच्याशी माहेरपणाला आलेल्या सुमनमार्फत बोलले. "नानांना सांग, जेवण झालंय." तुम्ही समोरच्या पाटावर बसलेले असायचात.

त्या जमिनीला मी कधी विनाईल म्हटलं नाही. तुम्ही दरवेळी सुधारायचात, "प्लॅस्टिक नव्हे गं, विनाईल." मी दरवेळी प्लॅस्टिकच म्हणायची. चैत्र लागला की आपल्या जळगावच्या उन्हात ते तापायचं, त्याला रबरी चपलेचा वास यायचा, खालचा चिकटा पातळ व्हायचा आणि दाराजवळची कड वर उचलायची. तुम्ही त्या कडेवर पाटा ठेवायचात. पाहुणे पाट्याला अडखळायचे. खाटेचे पाय रुतून खळगे पडले. रांगोळी त्यावर बसेना. आणि आखाजीला मी चुलीवर खापर ठेवून मांडे करायला घेतले तर तुम्ही चूलच बाहेर काढलीत, निखारा पडेल म्हणून. स्वतःच्या घराच्या परसात, भर उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी मांडे केले. आत तुमची जमीन सुखात होती.

आणि तो कप! निळ्या फुलांचा, बिनबशीचा. कोणीही आलं की तुमचा खेळ ठरलेला. कप कंबरेच्या उंचीवर धरायचात, पाहुण्याच्या डोळ्यांत बघायचात आणि सोडून द्यायचात. ठप्प. कप उडायचा, लोळायचा, कुठेतरी कोपऱ्यात जाऊन थांबायचा. "बघा. चिनी फरशीवर राहिला असता का?" हे पाहुण्याला विचारायचात आणि बघायचात माझ्याकडे. मी चहा गाळत असायची. तो कप कधीतरी फुटावा म्हणून मी किती देव पाण्यात घातले ते देवांनाच ठाऊक. फुटला नाही मेला.

आता एक सांगते, कारण आता तुम्हाला ते मिरवता येणार नाही. गुडघे दुखायचे थांबले. पहिल्याच पावसाळ्यात थांबले. मी तुम्हाला दाखवायला मुद्दाम भिंतीला धरून उठायची.

आणि रविवारी दुपारी पुढचं दार लावून घेऊन, शर्ट काढून, तुम्ही ती जमीन स्वतः पुसायचात. ओल्या फडक्याने, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मागे मागे सरकत, मी सारवायची तसेच. ओव्हरसियरसाहेब फडकं मारतात हे कोणी पाहू नये म्हणून दार लावायचात. मी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडायची आणि फडकं पिळल्याचा आवाज ऐकायची. त्या आवाजाने माझा राग थोडा उतरायचा, हे खरं आहे. सोमवारी कोणी पाहुणा यायचा, तुम्ही कप सोडायचात, आणि तो पुन्हा चढायचा.

मग हा चैत्र आला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि माणसं बोलावून घ्या. आबा शिरपूरहून आले, सुमन आली. तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर, श्वास छातीत अडकत होता. दुपारी आबांनी तुमचे पाय चाचपले, गार लागले. मग ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ल्या त्याले भुईवर."

जीव जायच्या आधी माणसाला खाटेवरून खाली घ्यायचं, सारवलेल्या भुईवर, हे काय मला सांगायला हवं? मी शेण आणून ठेवलंच होतं. पण खाली बघते तर तुमचं प्लॅस्टिक. मी त्यावर शेण टाकलं, हात फिरवला. ते धरेचना. हाताबरोबर निघून यायचं, खाली हिरवं तसंच, चकचकीत. पुन्हा फिरवलं, पुन्हा निघालं. आबा बघत होते.

"या घरमा भुईच नही शे का, सुमननी माय?"

काय सांगणार? शेजारचं कोणी म्हणालं, अंगणात घ्या. अंगणात पायाला फोड येतील असं ऊन. सुमन रडत म्हणाली, "आबा, असू द्या ना, चालतं." आबा म्हणाले, "प्लॅस्टिकवर जीव नही जात माणूसना. अडकी जाई. इळा द्या कोनी."

मी विळा दिला. मीच दिला, दुसरं कोणी नाही. आबा खाटेशेजारी बसले, विळ्याचं टोक खुपसलं आणि तुमची ती बिनसांध्याची जमीन टर्रकन फाटली. त्या आवाजाने तुम्ही डोळे उघडलेत. दोन दिवस उघडले नव्हते. मला वाटलं, आता बोलाल. मी खाटेला धरून अगदी तुमच्या तोंडाशी गेले. तुम्ही माझ्या खांद्यावरून पलीकडे आबांच्या हाताकडे पाहिलंत. काप वाकडा चालला होता. आणि तुम्ही म्हणालात, अगदी स्वच्छ, तुमच्या आईच्या भाषेत, जी तुम्ही ऑफिसात जन्मभर बोलला नाहीत,

"आबा, रेघ धरीसन काप."

आबांनी मान हलवली आणि रेघ धरून कापलं. मोठा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याचं ऐकत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात सरळ चालला होता. खाली सिमेंटचा कोबा निघाला, त्यावर वाळलेला काळा चिकटा. मी गुडघ्यांवर बसले आणि सारवलं. पुन्हा कधी सारवणार नाही म्हटलं होतं. तुमच्यासाठी सारवलं, कडेला रेघ धरून. तुम्हाला खाली घेतलं, तोंडात तुळशीचं पान घातलं. तुम्ही पुन्हा डोळे उघडले नाहीत.

सांगा आता. मी तिथेच होते ना? तुमच्या तोंडाशी माझा कान होता. सुमनसाठी काही नाही, माझ्यासाठी काही नाही, आणि विळ्यासाठी शब्द होता! माणूस जाताना बायकोला काहीतरी सांगतो. निदान नुसता बघतो. तुम्हाला जाता जातासुद्धा काम तपासायचं होतं.

दिवस चालू होते तेव्हा त्या चौकोनात दिवा लावून, पीठ पसरून, वर टोपली घातली होती. गेलेला कोणत्या जन्माला गेला त्याची पावलं पिठात उमटतात म्हणे. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली तर पिठातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सरळ रेघ गेलेली. बायका कुजबुजल्या, साप असेल, नाग असेल. मुंग्या होत्या. पण मी म्हणाले, "साप कशाचा, हेच येऊन माप घेऊन गेले." सुमनला एवढ्या दुःखात हसू फुटलं. मलाही फुटलं. लोकांनी तेही पाहिलं.

तेरावा झाल्यावर सुमन माळ्यावर चढली आणि प्लॅस्टिकची एक गुंडाळी काढून आणली. तुम्ही उरलेला तुकडा जपून ठेवला होतात, पुढेमागे लागेल म्हणून, कागदात बांधून, सुतळीने. तिने तो त्या चौकोनावर पसरला. बरोबर बसत होता, वर थोडा उरत होता.

"आई, नानांनीच ठेवलाय. चिकटवून टाकू. कळणारही नाही कुठे कापलं ते."

"उचल ते."

"मग काय करायचं? असंच ठेवायचं का?"

"मी धुळ्याला जाते."

लोक बोलले. बोलू देत. तेराव्यानंतर बाईने आठ दिवसांत बस धरली, तीही फरशी आणायला. सुमन बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. शेठ गल्ल्यावरून उठून पुढे आला, "आवो भाभीसाब, साहेब नाही आ..." आणि त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. तो स्वतः खाली बसून पेटी उघडू लागला. किती लागतील विचारलं, मी हातांनी लांबी-रुंदी दाखवली.

"एवढ्याशाच? सगळी खोली करून टाका ना. ते जुनं काढून देतो मी."

मी त्या क्षणी सगळी खोली करू शकले असते. कोणी अडवणारं नव्हतं, तेच तर होतं. पण आपण दोघांनी ठरवायची होती ती जमीन. तुम्ही एकट्याने ठरवलीत, मी एकटीने ठरवून तुमच्यासारखी होऊ का? म्हणून म्हणाले, "एवढीच. जेवढी जाताना त्यांनी दिली तेवढी." शेठला काही कळलं नाही. फरश्या मात्र त्याने नीट गवतात गुंडाळून दिल्या, आणि पोत्याला बांधलेली दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधली.

मिस्त्रीने फरशी बसवली. पांढरी, कडेने निळा पट्टा. ती प्लॅस्टिकपेक्षा जाड, म्हणून तो तुकडा जमिनीपासून थोडा वर आला आहे आणि येता-जाता अंगठ्याला लागतो. तुम्ही असतात तर उखडून पुन्हा बसवायला लावली असतीत. मी मिस्त्री गेल्यावर वाकून बोटाने ठोकून पाहिली, कोपऱ्यांतसुद्धा. भरीव आहे. ऐका, भरीव आहे.

आबांनी आखाजीची घागर त्याच फरशीवर ठेवली, वर खरबूज ठेवलं, तुमच्या नावाने पाणी सोडलं. घागर पाझरून खाली ओल आली तशी त्यांनी बोट लावून पाहिलं. "हाई फरशी माटीनी शे ना?" मी म्हटलं, चिनी मातीची. "माटी ती माटीच," आबा म्हणाले. उठताना म्हणाले, "बरं करं, सुमननी माय." म्हणजे माझ्या वेळी कोणाला विळा शोधावा लागणार नाही. जागा तयार आहे, फक्त माप तुमचं आहे.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. ऊन असं की भिंतीसुद्धा तापलेल्या. मी दार लावलं, पदर बाजूला केला आणि त्या फरशीवर आडवी झाले. फैजपूरपासून जे डोक्यात होतं ते. आणि अहो, ती गार आहे. पाठ, मान, टाचा, सगळं निवलं. डोळे मिटले आणि कळलं, डोकं मी तिथेच ठेवलंय जिथे तुमचं होतं. तशीच पडून राहिले. तुमच्यावर इतकी संतापले होते आणि तुमच्याच जागेवरून उठवेना.

चार वाजता उठून चहा ठेवला. फडताळात तो कप दिसला, निळ्या फुलांचा. काय मनात आलं, घेतला आणि पुढच्या खोलीत आले. फरशीच्या कडेशी उभी राहिले, कंबरेच्या उंचीवर धरला, तुम्ही धरायचात तसा. समोर पाहुणा नव्हता. सोडला.

तुकडे पार दारापर्यंत गेले. मी गुडघे टेकून ते वेचले. तुमच्या प्लॅस्टिकवरचे सहज उचलता आले. फरशीवर गुडघा टेकला आणि ती जुनी कळ आली, शिरपूरची, पारोळ्याची, विसरले होते ती. उठताना भिंतीला धरावं लागलं, आणि या वेळी खरंच धरावं लागलं. उभी राहिले आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, "तुमचं खरं होतं."

इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. हेच ऐकायला टपून बसला होतात ना, दर पाहुण्यासमोर तो कप आपटून? मग त्या दुपारी आबांच्या विळ्याकडे कशाला बघत बसलात? मी इतकी जवळ होते. एकदा माझ्याकडे बघायचं होतं. मी तेव्हाच म्हटलं असतं.